चितारणारा हात आणि चितारलेला माणूस

हास्यरसाचा करुण आणि भयानक या दोन रसांशी विरोध आहे, असे आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेविले आहे. ज्या स्थळी श्रोत्याच्या डोळ्यांस पाणी यावयाचे त्या स्थळी त्यास हसविणे हा कवीचा दोष मानला जाई. परंतु शास्त्राने आखलेली ही सीमा नाटककारांनी नेहमीच पाळली असे नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात तळीराम अंथरुणास खिळलेला असता त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य यांची जी खडाजंगी होते, ती ऐकून प्रेक्षक पोट धरधरून हसतात. आणि हसू ओसरताच, आपण एका मरणोन्मुख माणसाच्या खाटेपाशी बसून हसलो, ही जाणीव त्यांस बोचू लागते. या बोचणाऱ्या हास्यास अलीकडे काळा विनोद म्हणतात. त्याच्या जोडीस असंगती आली, म्हणजे शिक्षा आहे पण अपराध नाही, घटना आहे पण कारण नाही, अशी स्थिती आली, की जो प्रकार तयार होतो, त्याचे अगदी निर्भेळ नमुने आज कोठे पाहावयाचे असतील तर रंगभूमीकडे किंवा कादंबरीकडे जाण्याची गरज नाही. एक, दोन किंवा फार तर दहा-पंधरा मिनिटांच्या हलत्या चित्रांच्या लघुपटांत ते सापडतात.

हे विधान आमच्या पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. हलती चित्रे म्हणजे मुलांची करमणूक, अशी आपल्या घरांतून सार्वत्रिक समजूत आहे. उंदराने मांजराच्या डोक्यात हातोडा घालावा, मांजराचे डोके पापडासारखे चपटे व्हावे आणि मुलांनी टाळ्या पिटाव्यात, यापलीकडे या कलेत काही असेल असे वडीलधाऱ्या मंडळींस वाटत नाही. आणि वाटलेच तर, या हातोड्यांनी मुलांची मने निबर तर होत नाहीत ना, एवढी शंका तेवढी येते. ही शंका क्षुल्लक नाही. उलट, या सबंध कलेच्या इतिहासाची किल्ली तीतच आहे, असे आम्हांस वाटते. चपटा झालेला प्राणी पुन्हा उठतो की नाही, आणि उठत असेल तर त्यास कोण उठवितो, या प्रश्नाचा मागोवा घेत गेले, म्हणजे गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या छोट्या चित्रांनी काय सांगितले ते क्रमाने उलगडत जाते.

प्रथम या कलेच्या घडणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बोलपटाची फीत सेकंदास चोवीस चौकटी या गतीने सरकते. अर्थात एका मिनिटास एक हजार चारशे चाळीस चौकटी लागतात. सामान्यतः एक चित्र दोन चौकटींस पुरवितात. तरीही मिनिटाला सातशेवीस चित्रे काढावी लागतात. जिवंत नट घेऊन केलेल्या चित्रपटात वारा सुटतो, पान गळते, नटाची पापणी लवते. यांतील कितीतरी गोष्टी कोणी मुद्दाम घडविलेल्या नसतात. हलत्या चित्रांत अपघाताला असा वाव नाही. तेथे पापणी लवली तर ती कोणी तरी लवविलेली असते. कोणी मेला तर त्याचे मरण कोणी तरी मेजाशी बसून, चौकटीमागून चौकट, हाताने रेखाटलेले असते. म्हणूनच चितारलेला माणूस आणि त्यास चितारणारा हात यांचा संबंध हा या कलेचा मूळ विषय झाला. निर्माता आणि निर्मिती यांचा हा संबंध तत्त्वज्ञांनी ग्रंथोग्रंथी चर्चिला आहे. येथे तो दीड मिनिटात डोळ्यांसमोर उभा राहतो.

या परंपरेचा आरंभ एमिल कोल या फ्रेंच व्यंगचित्रकारापासून धरतात. कोल यांचा जन्म १८५७ सालचा. १८८२ साली पॅरिसमध्ये ज्यूल लेव्ही या गृहस्थाने, ज्यांस चित्र काढता येत नाही अशांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविण्याची टूम काढली, आणि तीतून ‘असंबद्ध’ हे नाव अभिमानाने मिरविणारी एक मंडळी उभी राहिली. कोल या मंडळींपैकीच. शहाण्यासुरत्या जगाची टिंगल करावयाची तर ती वेडगळपणानेच केली पाहिजे, हा त्यांचा बाणा होता. पुढे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९०८ च्या ऑगस्ट महिन्यात, गोमाँ या कंपनीतर्फे त्यांचा ‘फान्तास्मागोरी’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. त्याची लांबी जेमतेम दीड मिनिट आणि चित्रे सुमारे सातशे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषेचा एक विदूषक प्रकट होतो आणि त्याच्याभोवतीचे जग क्षणोक्षणी रूप पालटू लागते. एका वस्तूतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. कशालाही कारण नाही, आणि कोणी कारण विचारीतही नाही. अखेरीस तो विदूषक उंचावरून पडून मोडतो. त्या वेळी चित्रात एकदम खऱ्याखुऱ्या माणसाचे हात येतात, मोडलेला विदूषक सांधतात, आणि सांधलेला विदूषक फुगून घोड्यावर बसून निघून जातो.

या छोट्या प्रसंगाचे महत्त्व आम्हांस फार वाटते. हलत्या चित्रांतील माणूस पहिल्यांदा मोडला तेव्हा त्यास सांधावयास त्याचा निर्माता स्वतः धावला. पुढे याच कोल यांनी आगकाड्यांस नाचविणारा एक चित्रपटही त्याच साली केला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट काढला. आणि त्याआधी १९१२ साली वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. निर्जीवाला, किंवा डोळ्यांस अचल दिसणाऱ्या वस्तूला हालचाल देण्याचे वेड त्या काळी पॅरिसप्रमाणे दादर-नाशिकाकडेही पोहोचले होते, एवढे यावरून दिसते. कोल यांचा अंत मात्र त्यांच्याच कलेस शोभेल असा विचित्र झाला. दारिद्र्यात दिवस काढीत असता १९३७ साली मेजावरच्या मेणबत्तीने त्यांची दाढी पेटून ते भाजले, आणि १९३८ च्या जानेवारीत वारले. ज्याने मोडक्या विदूषकास हातांनी सांधले, त्यास सांधावयास मात्र कोणाचा हात आला नाही.

कोल यांच्या मागोमाग रशियात व्लादिस्लाव स्तारेविच या कीटकप्रेमी गृहस्थाने एक वेगळाच मार्ग काढला. त्यास भुंग्यांच्या झुंजीचे छायाचित्रण करावयाचे होते. परंतु प्रखर दिव्यांखाली जिवंत भुंगे काही केल्या लढेनात. तेव्हा त्याने मेलेले भुंगे घेतले, त्यांच्या पायांस तारा लाविल्या आणि चौकटीमागून चौकट त्यांस हलवून झुंज लावून दिली. १९१२ सालच्या ‘छायाचित्रकाराचा सूड’ या त्याच्या चित्रपटात अशाच मृत कीटकांकडून त्याने प्रपंचातील व्यभिचाराचे प्रहसन करवून घेतले आहे. नवरा भुंगा बाहेर रंग उधळतो, बायको घरात एका चित्रकाराशी संधान बांधते, आणि नाकतोड्याने चोरून टिपलेले नवऱ्याचे चाळे भर चित्रपटगृहात बायकोसमोर झळकतात. प्रेक्षक हसतात ते कुटाळ संसारास. परंतु हसविणारी सारी पात्रे प्रेते आहेत, ही गोष्ट ध्यानात आली म्हणजे अंगावर काटा उभा राहतो. येथेही हात प्राण देणारा आहे. मात्र तो प्राण देतो तो मेलेल्याचे मरण झाकून.

यानंतर ही कला अमेरिकेत मोठ्या कारखान्यांच्या हाती गेली. माक्स फ्लायशर यांचा ‘कोको’ हा विदूषक १९१८ पासून पुढे दहा-अकरा वर्षे दौतीतून बाहेर येई, चितारणाऱ्याशी दांडगाई करी आणि अखेरीस पुन्हा दौतीत जाई. येथे सांधणारा हात थोडा खोडसाळ झाला आहे, परंतु त्याचा कोकोशी लोभ आहे. आईने दंगेखोर पोराला पांघरुणात कोंबावे तसा तो कोकोस दौतीत कोंबतो. पुढे १९४० साली टॉम आणि जेरी ही जोडी अवतरली आणि १९४९ साली रस्त्यावरून धावणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग करणारा कोल्हा. हा कोल्हा दरवेळी कड्यावरून कोसळतो, तळाशी धुळीचा लहानसा ढग उठतो, आणि पुढच्या प्रसंगात तो पुन्हा नवी युक्ती घेऊन उभा असतो. १९४२ साली कामू या फ्रेंच लेखकाने सिसिफस या ग्रीक पुराणपुरुषावर निबंध लिहून, पुनःपुन्हा गडगडत खाली येणारा धोंडा पुनःपुन्हा वर ढकलीत राहणे हीच मनुष्याची स्थिती होय, असे प्रतिपादिले होते. सात वर्षांनी आलेला हा कोल्हा त्या सिसिफसाचा धाकटा भाऊ शोभतो. परंतु दोघांत एक भेद आहे. सिसिफस थकतो, कोल्हा थकत नाही. सिसिफसाच्या खांद्यास घट्टे पडतात; कोल्ह्याच्या अंगावर मागील पतनाची खूणही उरत नाही.

येथे आम्ही आरंभीच्या शंकेकडे वळतो. मुलांची मने निबर होण्याची भीती कोणत्या चित्रांपासून आहे? ज्यांत हातोडा बसतो त्यांपासून, की ज्यांत हातोडा बसूनही काही होत नाही त्यांपासून? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मरण दाखविल्याने मन निबर होत असेल असे वाटत नाही. एरवी रामायण-महाभारताच्या श्रवणाने पिढ्यान् पिढ्या निष्ठुर झाल्या असत्या. मरणाची किंमत काढून घेतल्याने ते निबर होते. अमेरिकन चित्रांतील हात आता विदूषकास सांधीत बसत नाही. सांधण्याचे काम त्याने आधीच उरकून ठेविलेले असते. दुःख नाही म्हणून करुणाही नाही, आणि करुणा नाही म्हणून ते हास्य बोचत नाही. ते उत्तम विनोद आहेत यात वाद नाही. त्यांस काळा विनोद मात्र म्हणता येणार नाही.

अमेरिकन कलावंतांसही ही गोष्ट उमगत होती, याचा पुरावा १९५३ साली मिळाला. चक जोन्स यांच्या ‘डक अमक’ या सात मिनिटांच्या चित्रात डॅफी नावाचे बदक तलवारबहाद्दराच्या वेषात ऐटीने प्रवेश करते, तो त्याच्या पाठीमागचा देखावाच नाहीसा होतो. बिचारे बदक नव्या देखाव्यास अनुरूप वेष करून येते, तो देखावा पुन्हा पालटतो. त्याचा आवाज काढून घेतला जातो, त्याचा रंग बदलला जातो, रबराने त्यास पुसून टाकले जाते आणि भलत्याच आकारात पुन्हा रेखाटले जाते. बदक विनविते, रागावते, करार करू पाहते, सारे व्यर्थ. अखेरीस हे सारे करणारा कोण, तर मेजाशी बसलेला बग्ज नावाचा ससा, असे उघड होते व आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु त्याआधीच्या सहा-साडेसहा मिनिटांत आपण जे पाहिले, ते निराळे आहे. सांधणाऱ्या हाताच्या जागी छळणारा हात आला आहे, आणि छळण्याचे कारण त्यास स्वतःच्या करमणुकीखेरीज दुसरे नाही. नियतीच्या लहरीविषयी आपल्या संतकवींनी तक्रारी केल्या आहेत त्या देवास जवळचा मानून. डॅफीच्या तक्रारीस मात्र ऐकणारा कोणी नाही.

हाच सुमार दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे, हे विसरून चालणार नाही. लक्षावधी माणसे कारणावाचून मारली गेल्याचे ज्या पिढीने पाहिले, तिला कड्यावरून कोसळून पुन्हा उठणारा कोल्हा पुरेसा वाटणे शक्य नव्हते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील नॉर्मन मॅक्लारेन यांनी १९५२ साली ‘शेजारी’ हा आठ मिनिटांचा चित्रपट केला. त्यात त्यांनी रेषा टाकून देऊन जिवंत माणसेच घेतली, पण त्यांस बाहुल्यांप्रमाणे चौकटीमागून चौकट हलविले. त्यामुळे ती माणसे पाय न उचलता गवतावरून सरकतात, हवेत तरंगतात आणि पाहणारा हसू लागतो. दोन शेजारी खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. दोघांच्या अंगणांच्या मध्यावर एक फूल उमलते. फूल कोणाचे, यावरून कुंपण घातले जाते, कुंपणाच्या काठ्या उपटून मारामारी जुंपते, फूल तुडविले जाते, एकमेकांच्या बायकामुलांस ठार करण्यापर्यंत मजल जाते, आणि अखेरीस दोघेही मरून त्यांच्या थडग्यांवर फुले उगवतात. बायकामुलांस मारण्याचा प्रसंग काही काळ चित्रपटातून गाळण्यात आला होता. पुढे तो परत घालण्यात आला. या चित्रपटास १९५३ साली अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि तेही गंमत अशी की, माहितीपटांच्या विभागात! आम्हांस ही वर्गवारी चुकीची वाटत नाही. येथे सांधणारा हात नाही आणि छळणाराही नाही. माणसे आपले आपणच बाहुल्या होऊन एकमेकांस मारतात. मेलेले मात्र आता उठत नाहीत. काळ्या विनोदाचा खरा प्रारंभ येथे झाला, असे आम्ही समजतो. माणसास बाहुलीप्रमाणे हलविण्याची ही रीत पुढे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील प्रमोद पती यांनी ‘आबिद’ या १९७२ सालच्या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांस घेऊन वापरली. त्यांचा हेतू निराळा, रंगांच्या खेळाचा होता; परंतु तंत्र किती दूरवर पोहोचले, हे त्यावरून कळते.

त्या काळच्या युगोस्लाव्हियातील झाग्रेब या नगरीत १९५६ पासून हलत्या चित्रांची एक शाळा नावारूपास येत होती. अमेरिकन कारखान्यांइतका पैसा व मनुष्यबळ त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी चित्रे थोडी काढली, आकार साधे ठेविले, देखावे सपाट रंगविले; आणि ही उणीवच त्यांची शैली झाली. त्यांतील दुशान वुकोतिच यांचा ‘सुरोगात’, म्हणजे ‘नकली’, हा १९६१ सालचा दहा मिनिटांचा चित्रपट प्रसिद्ध आहे. एक गृहस्थ समुद्रकाठी येतो आणि हवी ती वस्तू फुगवून तयार करतो. तंबू फुगवितो, नाव फुगवितो, अखेरीस सहचरीही फुगवितो. जी वस्तू नकोशी होईल तिचे बूच काढले की काम भागते. सहल संपवून तो मोटारीतून निघतो, रस्त्यात एक खिळा लागतो, हवा निघून जाते; आणि मोटारीबरोबर गृहस्थाचीही हवा निघून तो नाहीसा होतो. इतरांची बुचे काढणारा हा माणूस स्वतःही हवेनेच भरलेला होता! या चित्रपटास १९६२ साली ऑस्कर मिळाले; हलत्या चित्रांसाठी ते मिळविणारा हा अमेरिकेबाहेरचा पहिला चित्रपट. आपल्याकडे देहाला हवेचा भाता म्हणणारे वेदान्ती पुष्कळ होऊन गेले. त्यांच्या बोलण्यात आत्म्याचा आधार असे. वुकोतिच यांच्या फुग्यात हवेपलीकडे काही नाही, आणि म्हणून ते हास्य घशाशी अडकते.

या मालिकेत सर्वांत लांब, परंतु आम्हांस सर्वांत मोठी वाटणारी कृती चेकोस्लोव्हाकियातील यिरी त्रन्का यांची होय. त्रन्का बाहुलीपटांचे थोर निर्माते. त्यांची कीर्ती देशोदेशी पसरलेली आणि सरकारचा त्यांस आश्रय. १९६५ साली त्यांनी ‘हात’ हा अठरा मिनिटांचा चित्रपट केला. एक गरीब कुंभार आपल्या लाडक्या फुलासाठी कुंडी घडवीत असतो. त्याच्या खोलीत हातमोजा घातलेला एक प्रचंड हात शिरतो, आणि कुंडीऐवजी माझा पुतळा घडव, म्हणून हुकूम करतो. कुंभार नकार देतो. हात पैसा देऊ करतो, लाडीगोडी लावतो, धाक घालतो, आणि अखेर कुंभारास दोऱ्या बांधून, सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडून, त्याच्याकडून दगडाचा भला थोरला हात घडवून घेतो. कुंभार मोठ्या शर्थीने पिंजऱ्यातून निसटतो, घरी येऊन दारेखिडक्या बंद करतो. आणि ज्या फुलासाठी त्याने हे सारे सोसले, त्याच फुलाची कुंडी उंचावरून त्याच्या डोक्यात पडून तो मरतो. तेव्हा तोच हात येतो आणि मोठ्या इतमामाने, मानसन्मान अर्पण करून, त्याचा अंत्यविधी उरकतो.

कोल यांच्या विदूषकास सांधणारे हात आणि त्रन्का यांच्या कुंभाराचा प्रेतसंस्कार करणारा हात, यांत सत्तावन्न वर्षांचे अंतर आहे. दोन महायुद्धे आणि अनेक हुकूमशाह्या या अंतरात सामावल्या आहेत. आता हात हा निर्मात्याचा राहिलेला नाही, तो सत्तेचा झाला आहे. विशेष हे की, बाहुलीस हलविणारा खरा हात त्रन्का यांच्याच मंडळींचा. बाहुलीकाराच्याच कलेने, बाहुलीच्या दोऱ्या कोणाच्या हाती आहेत, असा सवाल टाकला. कुंभाराच्या तोंडी एकही शब्द नाही, चित्रात कोणा राज्याचे नाव नाही, आणि तरीही पाहणाऱ्यास सर्व कळते. आरंभी या चित्रपटास कोणी अडविले नाही. १९६९ सालच्या डिसेंबरात त्रन्का वारले. पिल्सेन या त्यांच्या जन्मगावी त्यांचा अंत्यविधी मोठा सार्वजनिक सोहळा ठरला. आणि त्यानंतर थोड्याच काळात ‘हात’ या चित्रपटावर बंदी आली, ती सुमारे वीस वर्षे टिकली. कुंभारास आधी सन्मानाने निरोप द्यावयाचा आणि मग त्याची कुंडी कुलपात घालावयाची, हा चित्रपटात नसलेला शेवटचा प्रवेश सत्तेने स्वतः करून दाखविला.

त्याच देशातील यान श्वांकमायेर यांचा ‘संवादाच्या शक्यता’ हा १९८२ सालचा चित्रपट याच वंशातला. भाज्यांचे, भांड्यांचे, लेखनसाहित्याचे असे चेहरे समोरासमोर येतात, एकमेकांस गिळतात व ओकून टाकतात. असे होता होता सर्व चेहरे मातीचे, गुळगुळीत आणि अगदी एकसारखे होतात. शेवटच्या भागात दोन डोकी एकमेकांस उपयोगी वस्तू पुढे करतात. एकाने दातांचा ब्रश काढला की दुसऱ्याने त्यावर मलम पिळावे, एकाने पाव काढला की दुसऱ्याने लोणी लावावे, असा सुरळीत संवाद चालू असतो. मग क्रम चुकतो, पावावर दातांचे मलम येते, लोण्यात पेन्सिल खुपसली जाते, आणि दोन्ही डोकी धापा टाकीत भेगाळून पडतात. या कृतीस बर्लिन व आन्सी येथील महोत्सवांत सर्वोच्च मान मिळाले. स्वदेशी मात्र सत्ताधारी पक्षाच्या विचारप्रणाली-समितीपुढे ती ‘असे काही होऊ देता कामा नये’ याचा नमुना म्हणून दाखविण्यात आली. मातीची दोन डोकी काय बोलतात याचे एवढे भय वाटावे, यापरता या कलेचा दुसरा गौरव कोणता?

अमेरिकेत मात्र याच काळात काळा विनोद वेगळ्या वाटेने गेला. मार्व न्यूलँड या तरुण विद्यार्थ्याने १९६९ साली ‘बॅम्बी आणि गॉडझिला यांची भेट’ हा दीड मिनिटाचा चित्रपट एकट्याने केला. १९४२ सालच्या डिस्नेच्या चित्रपटातील बॅम्बी हे हरणाचे निरागस पाडस. आणि गॉडझिला हा १९५४ सालच्या जपानी चित्रपटातील, अण्वस्त्रांच्या चाचण्यांनी जागा झालेला राक्षस. पाडस शांतपणे चरत असते. पडद्यावर नामावळी सरकते: लेखक तोच, दिग्दर्शक तोच, सर्व कामगिरी त्या एकट्याचीच, आणि खुद्द त्याचे निर्माते कोण, तर त्याचे आईबाप! नामावळी संपते, वरून एक प्रचंड पाय येतो आणि पाडस चिरडले जाते. ‘समाप्त’. राक्षस मिळवून दिल्याबद्दल टोकियो नगरीचे आभार. बस्स, एवढेच. येथे हातही उरला नाही, पाय आला. आणि पायाला कोणाचा राग नाही, लोभ नाही, हेतू नाही. आम्ही हा चित्रपट महाविद्यालयातील तरुण मंडळींबरोबर पाहिला आहे. हशा पिकतो, तो पाय पडताना. आणि पाठोपाठ जी शांतता पसरते, तीत पाडस उठेल म्हणून आपण वाट पाहत होतो, हे ज्याचे त्याला कळून चुकते. अमेरिकन चित्रांनी लाविलेली पुनरुत्थानाची सवय एका पावलाने मोडली.

आता या प्रकाराचे आयुष्य इतके अल्प का, याचेही उत्तर देता येईल. शोकनाट्यास वेळ लागतो, कारण मरणाची सिद्धता करावी लागते. नायकाचा दोष, त्याची धडपड, त्याची जाणीव हे सर्व क्रमाने यावे लागते. असंगत मरणास सिद्धता नसते. खिळा, कुंडी, पाय या वस्तू आगाऊ सूचना देत नाहीत. अशा मरणाचे चित्र दोन तास लांबविले तर त्यास कारणे चिकटू लागतात, आणि कारणे चिकटली की ते असंगत राहत नाही. दीड मिनिट हे त्याचे नैसर्गिक माप आहे; विंचू लांबट असून चालत नाही, तसेच हे.

या शतकाच्या उंबरठ्यावर, २००० साली, डॉन हर्ट्झफेल्ड या तरुण अमेरिकन कलावंताने ‘नाकारलेले’ हा नऊ मिनिटांचा चित्रपट केला. काडीसारख्या हातापायांच्या वेड्यावाकड्या आकृतींच्या, गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या काल्पनिक जाहिराती, एकीहून दुसरी अधिक भ्रमिष्ट, असा त्याचा साचा आहे. पाहणारा हसून बेजार होतो. परंतु चितारणाऱ्याचे मन ढासळत चालले आहे, असे मधल्या पाट्यांवरून कळत जाते. आणि अखेरीस कागदच चुरगळू लागतो, फाटू लागतो. काड्यांची ती बापुडी माणसे कागदावर ठोठावतात, पळतात, ओरडतात. त्यांस बाहेर जावयास वाट नाही. सांधणारा हात नाही, छळणारा नाही, दोऱ्या ओढणारा नाही. हाताच्या धन्यालाच भोवळ आली आहे, आणि तो कोसळला तर त्याची सृष्टी त्याच्याबरोबर कोसळणार. या चित्रपटास ऑस्करसाठी नामांकन मिळाले होते. आम्हांस मात्र त्यातील एक गोष्ट पारितोषिकाहून मोलाची वाटते. ज्या आकृतींस आपण आठ मिनिटे हसत होतो, त्यांच्या भयाने नवव्या मिनिटास आपले काळीज हलते. चार काड्या आणि एक वर्तुळ, एवढ्या सामग्रीवर करुणरस उभा राहतो.

तेव्हा हास्य व करुण यांचा विरोध सांगणारे आपले साहित्यशास्त्र चुकले, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ते रस एकाच क्षणी नांदत नाहीत, हे शास्त्राचे म्हणणे या चित्रांनीही पाळले आहे. त्यांनी केले ते एवढेच, की हास्याच्या पाठीस पाठ लावून करुण उभा केला, आणि दोहोंमधील अंतर एका चौकटीवर आणून ठेविले. एक चौकट म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. तेवढ्या अवकाशात आपण हसणारे होतो आणि हसल्याबद्दल लज्जित होतो. मन निबर आहे की जागे आहे, याची परीक्षा याच अवकाशात होते. ज्या घरांत मुलांसह ही चित्रे पाहिली जातात, तेथे वडीलधाऱ्यांनी एवढेच पाहावे की, पाय पडल्यानंतर मूल नुसते हसून थांबते, की ‘मग त्या पाडसाचे काय झाले?’ असे विचारते. विचारले तर काळजीचे कारण नाही. मात्र उत्तर देताना, ते उठले, असे खोटे सांगू नये.